मोटारीतील निरोप आणि त्यांची मुदत

निरोप बरोबर असला तरी तो उशिरा पोचला तर त्याचा उपयोग राहत नाही, हे आपणा सर्वांस व्यवहारातून ठाऊक आहे. मुदत उलटल्यावर दाखल झालेला अर्ज, रुजू होण्याची तारीख टळून गेल्यावर हाती पडलेले नेमणुकीचे पत्र, आर्थिक वर्ष संपल्यानंतर आलेली खर्चाची मंजुरी, यांच्या मजकुरात दोष काढता येत नाही. दोष असतो तो वेळेचा. राज्य शासनाच्या सेवेत ज्यांची उमेद आवक-जावक नोंदवह्यांच्या सहवासात गेली, त्यांना तर याची उदाहरणे पुरवावी लागणार नाहीत. परंतु नेमका हाच प्रश्न आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारगाडीच्या पोटातही आहे, तो सोडविण्यासाठी गेली चाळीस वर्षे अभियंते आणि गणिती झटत आहेत, आणि त्या प्रयत्नांचा इतिहास तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसा सांगितला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो सांगण्याचा विचार आहे.

प्रश्नाचे गांभीर्य एका साध्या हिशोबाने कळेल. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात ती पावणेतीन मीटरांहून किंचित अधिक पुढे गेलेली असते. चाक घसरू लागल्याची वार्ता ब्रेकच्या नियंत्रकाकडून इंजिनाच्या नियंत्रकाकडे जायला एवढा वेळ लागला, तर ती वार्ता अक्षरशः खरी असूनही चालकाच्या काहीच कामाची नाही.

तारांपासून वाहिनीपर्यंत

साठच्या दशकातील मोटारीत वीज होती ती दिवे, भोंगा, स्टार्टर आणि ठिणगी यांपुरती. प्रत्येक बटणापासून प्रत्येक उपकरणापर्यंत स्वतंत्र तार गेलेली असे. १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या गाड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधन-फवारणी यंत्रणा बाजारात आणली. १९७० मध्ये अमेरिकेने हवाशुद्धीचा कडक कायदा केला, आणि धुराड्यातून काय बाहेर पडते याकडे लक्ष देणे कारखानदारांस भाग पडले. १९७८ साली मर्सिडीझ-बेंझच्या मोठ्या गाडीत चाके न अडकू देणारी बॉशची इलेक्ट्रॉनिक ब्रेक-यंत्रणा आली. पुढल्याच वर्षी इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकत्र पाहणारा 'मोट्रॉनिक' हा नियंत्रक बीएमडब्ल्यूच्या गाडीत बसला. अशा रीतीने एकाच गाडीत दोन-तीन छोटे संगणक नांदू लागले. प्रत्येक जण आपल्या खात्यात तरबेज. मात्र शेजारच्या खात्यात काय चालले आहे याची त्याला खबर नसे.

ही खबर लागणे आवश्यक झाले, कारण नव्या कल्पना खात्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या होत्या. निसरड्या रस्त्यावर चाक गरगरा फिरू लागले, तर ब्रेकच्या नियंत्रकाने इंजिनाला जोर कमी करण्यास सांगितले पाहिजे. स्वयंचलित गिअरबॉक्सने गिअर बदलताना इंजिनाने क्षणभर सबुरी धरली पाहिजे. हे साधण्यासाठी बॉशमधील अभियंत्यांनी १९८३ साली एका नव्या संदेशवहन पद्धतीवर काम सुरू केले. उवे कीन्के हे या कामाचे प्रमुख होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे अमेरिकेच्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेच्या अधिवेशनात कीन्के, झीगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिचेल यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. तिचे नाव 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', संक्षेपाने 'कॅन'. पुढल्या वर्षी इंटेल कंपनीने या पद्धतीची पहिली चिप तयार केली आणि मागोमाग फिलिप्सची चिप आली. १९९२ पासून मर्सिडीझ-बेंझच्या वरच्या श्रेणीतील गाड्यांत तिचा उपयोग होऊ लागला. नोव्हेंबर १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे इष्ट. तारांचे वजन आणि तांब्याचा खर्च वाचावा म्हणून 'कॅन'चा जन्म झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. तारा वाचल्या हे खरे. परंतु तो आनुषंगिक लाभ होता. मूळ हेतू होता गाडीला नवी कामे करता यावीत हा, आणि ती कामे निरनिराळ्या नियंत्रकांच्या संभाषणावाचून होणारी नव्हती.

आधी कोण बोलणार?

दोन तारांच्या एका पीळदार जोडीवर सर्व नियंत्रक जोडलेले असतात. एकाने बोललेले सर्वांना ऐकू जाते. मग दोघे एकाच वेळी बोलू लागले तर? हा प्रश्न जुनाच होता. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ज्या 'इथरनेट'ची कल्पना मांडली, त्यात उत्तर असे होते की टक्कर झाली तर दोघांनीही थांबावे, प्रत्येकाने यदृच्छेने ठरलेला काळ वाट पाहावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. कचेरीतील छपाईसाठी हे ठीक होते. ब्रेकच्या संदेशाला 'थोड्या वेळाने पुन्हा पाहा' हे उत्तर परवडणारे नव्हते.

'कॅन'ने काढलेली युक्ती मोठी सुबक आहे. तारेवर दोनच चिन्हे जातात, शून्य आणि एक. त्यांपैकी शून्य हे प्रबळ व एक हे दुर्बळ. एकाच क्षणी कोणी शून्य आणि कोणी एक पाठविले, तर तारेवर शून्यच दिसते. प्रत्येक संदेशाच्या प्रारंभी अकरा चिन्हांचा एक ओळखक्रमांक असतो, आणि पाठविणारा आपण काय पाठविले व तारेवर काय उमटले हे सतत ताडून पाहत असतो. समजा, ५ आणि ६ या क्रमांकांचे संदेश एकदमच निघाले. द्विमान पद्धतीत या दोन क्रमांकांची पहिली नऊ चिन्हे सारखीच आहेत. दहाव्या जागी पाचाचा शून्य व सहाचा एक. तेथे सहावाल्याला आपल्या 'एक'च्या जागी तारेवर शून्य दिसतो. तो तत्काळ गप्प होतो आणि तार मोकळी होण्याची वाट पाहतो. पाचवाल्याला तर स्पर्धा झाली होती याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या संदेशातील एक चिन्हही वाया जात नाही. लहान क्रमांक म्हणजे वरचा अग्रक्रम, असा हा निवाडा तारेवरच, निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यावाचून होतो.

अर्थात या युक्तीची किंमतही आहे. एक चिन्ह तारेवर असेपर्यंतच ते दूरच्या टोकाला जाऊन त्याचे उत्तर परत आले पाहिजे. एरवी ताडून पाहण्याला अर्थ उरत नाही. त्यामुळे सेकंदाला दहा लाख चिन्हांच्या गतीने तारेची लांबी सुमारे ४० मीटरच ठेवता येते, आणि सव्वा लाखाच्या गतीने ती सुमारे ५०० मीटरपर्यंत वाढविता येते. मोटारीला हे पुरेसे होते. लिफ्ट, क्ष-किरण यंत्रे आणि विणकामाची यंत्रे यांनाही पुरले, म्हणूनच ही मोटारीची पद्धत लवकरच अन्य यंत्रांतही शिरली.

स्वतःस निलंबित करणारा सेवक

मोटारीच्या आतील वातावरण संदेशवहनाला मुळीच अनुकूल नाही. ठिणगीचे विद्युत्-आघात, कंपने, उष्णता, दमट जोड, यांमुळे एखादे चिन्ह बिघडणे स्वाभाविक आहे. 'कॅन'मध्ये दोष हुडकण्याच्या पाच वेगवेगळ्या रीती एकाच वेळी चालू असतात. पाठविणारा स्वतःचे बोलणे ऐकतो. ऐकणारे संदेशाची बेरीज-पडताळणी करतात. संदेशाचा साचा बरोबर आहे का ते पाहिले जाते. निदान एकाने तरी पोच दिली पाहिजे असा नियम आहे. आणि सारखी पाच चिन्हे ओळीने आली की सहावे मुद्दाम उलट घातले जाते, म्हणून सहा सारखी चिन्हे दिसली तर बिघाड झाला असे समजते. कोणाही एका श्रोत्याला दोष आढळला, की तो सहा प्रबळ चिन्हे घालून तो संदेश सर्वांसाठीच रद्द करतो, आणि पाठविणारा तो पुन्हा पाठवितो. हेतू हा की संदेश एक तर सर्वांना मिळावा, नाही तर कोणालाच मिळू नये.

परंतु एखादा श्रोताच बिघडलेला असला आणि तो चांगल्या संदेशांनाही दोष देऊ लागला, तर सारा कारभार ठप्प व्हायचा. यावरील उपाय सेवाशर्तींची आठवण करून देणारा आहे. प्रत्येक नियंत्रक आपल्या दोषांचा हिशोब स्वतःच ठेवतो. पाठविताना दोष झाला की खाती सामान्यतः आठ गुण चढतात. एक संदेश निर्विघ्न गेला की एकच गुण उतरतो. बेरीज १२७ च्या वर गेली की त्याचा इतरांचे संदेश रद्द करण्याचा अधिकार जातो. २५५ च्या वर गेली की तो तारेपासून स्वतःला अलग करतो. चौकशी समिती, खुलासा, स्मरणपत्र यांची गरज पडत नाही.

तथापि या व्यवस्थेतही एक फट होती. 'सर्वांना किंवा कोणालाच नाही' हे आश्वासन पूर्णांशाने खरे नाही, असे १९९८ साली लिस्बनचे होजे रुफिनो, पाउलो व्हेरिसिमो आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले. संदेशाच्या अगदी शेवटून दुसऱ्या चिन्हात काही थोड्याच श्रोत्यांना बिघाड दिसला, तर ते संदेश नाकारतात, आणि बाकीच्यांनी मात्र तो स्वीकारलेला असतो. पाठविणारा पुन्हा पाठवितो, तेव्हा काहींना तो दोनदा मिळतो. आणि पुन्हा पाठविण्याआधीच पाठविणारा बंद पडला, तर काहींना तो मिळतच नाही. प्रसंग विरळा खरा. पण लाखो गाड्या रोज तासन्‌तास धावतात, तेथे विरळा म्हणजे अशक्य असे धरून चालता येत नाही.

वेळेची हमी

दोषांचा बंदोबस्त झाला तरी वेळेचा प्रश्न उरतोच. सर्वांत वरच्या क्रमांकाच्या संदेशाला फार तर एक संदेश संपेपर्यंत थांबावे लागते, कारण सुरू झालेले बोलणे मध्येच तोडता येत नाही. आठ अक्षरांचा साधा संदेश, घुसडलेली चिन्हे धरून, जास्तीत जास्त १३५ चिन्हांचा होतो. सेकंदाला पाच लाखांच्या गतीने त्याला सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी २७० भाग लागतात. परंतु विसाव्या किंवा चाळिसाव्या क्रमांकाच्या संदेशाचे काय? वरची मंडळी एकामागून एक येत राहिली, तर तो किती काळ ताटकळेल? नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी यावर सर्वसाधारण उत्तर होते की 'चाचणी घेऊन पाहावे'. गाडी रस्त्यावर चालवायची, संदेश नोंदवायचे, सर्वांत जास्त उशीर किती झाला ते पाहायचे आणि वाहिनीचा बराच भाग मोकळा ठेवून निश्चिंत व्हायचे. पण चाचणीत जे घडले नाही ते कधीच घडणार नाही, असे चाचणी सांगू शकत नाही.

यातून मार्ग काढला तो इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने. केन टिंडेल, अ‍ॅलन बर्न्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये असे गणित मांडले की प्रत्येक संदेशाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते गाडी बांधण्यापूर्वीच कागदावर काढता यावे. या गणिताचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. संगणकात अनेक कामे अग्रक्रमाने चालत असताना प्रत्येक काम जास्तीत जास्त किती वेळात पुरे होईल, हे काढण्याची रीत मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ साली एका शोधनिबंधात मांडली होती. दोघांचाही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संबंध. जोसेफ पुढे पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्राचे प्रमुख झाले. बॉशने ज्या वर्षी डेट्रॉइटला 'कॅन' सादर केले, त्याच वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग.

यॉर्कच्या गणिताचे सूत्र असे : आपल्या संदेशाला तीन गोष्टींसाठी वेळ लागतो. आधीच सुरू झालेला एखादा कनिष्ठ संदेश संपण्यासाठी. त्या काळात येऊ शकतील तितके सर्व वरिष्ठ संदेश जाण्यासाठी. आणि स्वतःच्या प्रवासासाठी. वाट पाहता पाहता आणखी वरिष्ठ येतात, त्यामुळे बेरीज वाढते. ती पुन्हा करायची, आणि आकडा स्थिर होईपर्यंत करीत राहायची. अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने विजेवरील एका गाडीचा नमुना प्रसिद्ध केला होता. तीत सात उपविभाग व त्यांच्यात फिरणारे ५३ संकेत होते. टिंडेल-बर्न्स यांनी आपली रीत त्यावर लावून दाखविली.

या गणितातून एक धडा असा निघाला की अग्रक्रम महत्त्वावरून देऊ नये, तो मुदतीवरून द्यावा. ज्याची मुदत आखूड त्याचा क्रमांक सामान्यतः वरचा असावा. ब्रेक महत्त्वाचा म्हणून त्याचा प्रत्येक संदेश पहिल्या रांगेत बसविला, तर ज्याला घाई नाही असा ब्रेकचा संदेश दुसऱ्या कोणाची तरी मुदत चुकवितो. कचेरीत प्रत्येक नस्तीवर 'अति तातडीचे' अशी चिठ्ठी लावण्याचा परिणाम काय होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९९८ साली बाजारात आणलेल्या एस-८० या गाडीच्या संदेशजालाची आखणी या गणिताच्या आधारे केली, आणि त्यानंतर अशी आखणी करणारी संगणकीय साधने इतर कारखान्यांतही गेली.

बारा वर्षांनंतरची दुरुस्ती

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण यानंतरचे आहे. २००६ साली नेदरलँड्समधील आइंडहोव्हनचे राइंडर ब्रिल व योहान लुकिएन आणि यॉर्कचे रॉबर्ट डेव्हिस व अ‍ॅलन बर्न्स यांनी दाखवून दिले की १९९४ चे गणित सदोष आहे. ते ज्या संदेशाला 'मुदतीत पोचेल' असे प्रमाणपत्र देते, तो प्रत्यक्षात मुदत चुकवू शकतो. २००७ मध्ये या चौघांनी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकातच म्हटले की मूळ विश्लेषणाचे खंडन, पुनर्विचार व सुधारणा येथे केली आहे.

चूक कोठे होती ते त्यांनी दिलेल्या छोट्या उदाहरणावरून कोणासही कागद-पेन्सिल घेऊन पाहता येईल. क, ख, ग असे तीन संदेश आहेत; क सर्वांत वरिष्ठ, ग सर्वांत कनिष्ठ. प्रत्येकाला तारेवर एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो. क दर अडीच मिलिसेकंदांनी निघतो; ख आणि ग दर साडेतीनांनी. ख आणि ग यांची मुदत सव्वातीन मिलिसेकंदांची आहे. समजा, शून्य वेळी तिघेही एकदम निघाले. पहिल्या मिलिसेकंदात क जातो, दुसऱ्यात ख, तिसऱ्यात ग. ग तीन मिलिसेकंदांत पोचला, मुदत सव्वातीनची. तेव्हा सर्व क्षेम. जुने गणित येथेच थांबत असे, कारण सगळे एकदम निघाले तो प्रसंग म्हणजे सर्वांत वाईट प्रसंग असे ते धरून चालले होते.

पण पुढे पाहावे. ग तारेवर असताना, अडीचव्या मिलिसेकंदाला, क चा दुसरा संदेश निघाला होता. बोलणे मध्येच तोडता येत नसल्याने तो तिसऱ्यापर्यंत थांबला आणि तीन ते चार या काळात गेला. साडेतीनला ख आणि ग यांचे दुसरे संदेश निघाले. चार ते पाच ख गेला. पाचाला क चा तिसरा संदेश हजर, तो सहापर्यंत. मग ग ची पाळी येते. तो सातला पोचतो. साडेतीनला निघालेला सातला पोचला, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद लागले. मुदत चुकली. पहिल्या खेपेला ग ने जी क ची वाट अडविली, तिचे ओझे पुढे ढकलले जाऊन ग च्याच दुसऱ्या खेपेवर पडले. वाहिनी अखंड गुंतलेली असेल तर पहिलीच खेप पाहून चालत नाही. त्या गुंतलेल्या काळातील प्रत्येक खेप तपासावी लागते. ही सूक्ष्मता १९९० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉन लेहोत्स्की यांनी संगणकातील कामांच्या संदर्भात दाखविलेली होती. ती तारेवरील संदेशांना लावून पाहावयाची राहून गेली होती.

२००७ च्या निबंधात अचूक गणित तर दिलेच, शिवाय एक सोपी रीतही दिली : कोणी ना कोणी सर्वांत लांब संदेश आपली वाट अडविणारच असे प्रत्येक वेळी गृहीत धरावे. उत्तर किंचित अधिक सावध येते, पण फसवीत नाही.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. बारा वर्षे हे गणित विद्यापीठांतून शिकविले जात होते, कारखान्यांतून वापरले जात होते आणि अनेक निबंधांचा पाया झालेले होते. इतक्या नजरांखालून जाऊनही तीन ओळींचे उदाहरण कोणी मांडून पाहिले नाही. अधिकृत म्हणून एकदा मान्यता पावलेल्या गोष्टीची पडताळणी थांबते, हा मनुष्यस्वभाव प्रशासनात आहे तसाच विज्ञानातही आहे. दुसरी गोष्ट अशी की खंडन करणाऱ्यांत अ‍ॅलन बर्न्स हे मूळ गणिताचेही एक कर्ते होते. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध असलेला सिद्धान्त चुकीचा असल्याचे स्वतःच्या सहीनिशी, आणि तेही शीर्षकात जाहीर करणे, यातच त्या शास्त्राची विश्वासार्हता आहे. जुने परिपत्रक नव्याने 'अधिक्रमित' करताना मूळ चूक काय होती हे न सांगण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्याशी याची तुलना करून पाहावी.

घड्याळाचा पंथ

यॉर्कच्या समांतर व्हिएन्ना येथे वेगळा विचार चालला होता. तेथील तांत्रिक विद्यापीठाचे हेर्मान कोपेट्झ यांचे म्हणणे असे की ज्याला गरज पडेल त्याने बोलावे ही पद्धतच मुळात धोक्याची. सर्व नियंत्रकांनी आपली घड्याळे जुळवून घ्यावीत आणि प्रत्येकाने वेळापत्रकात नेमून दिलेल्या क्षणीच बोलावे. मग सांगण्याजोगे काही असो वा नसो. रेल्वेचे वेळापत्रक जसे, तसे. त्यांनी व ग्रुनश्टाइड्ल यांनी जानेवारी १९९४ मध्ये ही कालनियत पद्धती मांडली. तिचा मोठा गुण म्हणजे एखादा नियंत्रक बंद पडला तर त्याच्या ठरलेल्या वेळी शांतता राहते आणि इतरांना ते लगेच कळते. उणीव अशी की नवा नियंत्रक जोडायचा तर सारे वेळापत्रक नव्याने बसवावे लागते.

२००० साली बीएमडब्ल्यू, डाइम्लरक्रायस्लर, मोटोरोला आणि फिलिप्स यांनी 'फ्लेक्सरे' संघ स्थापन केला आणि दोन्ही विचारांचा मेळ घातला. प्रत्येक फेरीचा एक भाग वेळापत्रकाचा, दुसरा गरजेप्रमाणे बोलण्याचा; गती सेकंदाला एक कोटी चिन्हे, आणि एक वाहिनी तुटली तर दुसरी तयार. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एक्स-५ गाडीत ती प्रथम आली. १९९९-२००० च्या सुमारास काच आणि आरसा हलविण्यासारख्या किरकोळ कामांसाठी 'लिन' नावाची स्वस्त व संथ वाहिनीही पुढे आली होती. परंतु 'फ्लेक्सरे' महाग पडली. तिने 'कॅन'ला हटविले नाही. उलट २०१२ मध्ये बॉशने 'कॅन'चीच सुधारलेली आवृत्ती आणली, जीत आठाऐवजी चौसष्ट अक्षरे मावतात. दरम्यान कॅमेरे आणि रडार आले, माहितीचा लोंढा वाढला, आणि एके काळी टक्करीमुळे बाजूला ठेवलेले इथरनेट नव्या रूपात गाडीत शिरले. २०१५ मध्ये एकाच पीळदार जोडीवरून सेकंदाला दहा कोटी चिन्हे नेणारे इथरनेटचे मोटारीसाठीचे मानक निघाले. त्यात आता टक्कर नाही, आणि ठरलेल्या क्षणी दारे उघडून तातडीच्या संदेशांना वाट देणारी वेळापत्रकाची सोयही करता येते. व्हिएन्नाचा विचार असा दुसऱ्या दाराने परत आला.

निरोप कोणाचा?

एका प्रश्नाची उत्तरे शोधताना दुसरा प्रश्न मात्र चाळीस वर्षांपूर्वी विचारलाच गेला नव्हता. 'कॅन'च्या संदेशात पाठविणाऱ्याचे नाव नसते. असतो तो विषयाचा क्रमांक. इंजिनाचा वेग सांगणारा संदेश इंजिनाच्या नियंत्रकाकडूनच आला असेल, असे सर्व श्रोते गृहीत धरतात. बंद पेटीतील तारेवर बाहेरचा कोणी बोलणार नाही, हे १९८३ साली योग्यच गृहीतक होते. पण पुढे गाडीला निदानाचा सॉकेट आला, मग दूरध्वनी आला, मग इंटरनेट. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो शाखा येथील संशोधकांनी गाडीच्या आतील तारेवर खोटे संदेश घालून ब्रेक निकामी करता येतात हे दाखविले. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी दूर अंतरावरून एका जीप गाडीचा ताबा घेऊन दाखविला, आणि कंपनीला अमेरिकेत १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने मोटारींच्या सायबर सुरक्षेसाठी नियम स्वीकारला.

आता संदेशाला मुद्रा जोडण्याच्या रीती निघाल्या आहेत. परंतु मुद्रेला जागा लागते आणि ती तपासायला वेळ लागतो. म्हणजे पुन्हा मुदतीचा हिशोब आला. निरोप अखंड असावा, वेळेवर यावा आणि तो खऱ्या धन्याचा असावा, या तीन अपेक्षा एकमेकींच्या जागेवर अतिक्रमण करतात, आणि त्यांचा समतोल प्रत्येक पिढीला नव्याने बसवावा लागतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ता. १ एप्रिल २०२० पासून भारतात प्रदूषणाचे सहाव्या टप्प्याचे निकष लागू झाले. धुराच्या यंत्रणेवर सतत लक्ष ठेवून बिघाड नोंदविणे हे आता गाडीतल्या संगणकांचे बंधनकारक काम आहे, आणि ते काम याच वाहिन्यांवरील संदेशांतून चालते. इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ मध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी सुरू झाली. त्या धावपट्टीवर गाडीचा वेग, ब्रेक, तोल सारे तपासता येते. मात्र यॉर्क आणि आइंडहोव्हनच्या प्रकरणाने जे शिकविले ते ध्यानात ठेवायला हवे : कितीही फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या, तरी चाळिसाव्या क्रमांकाचा निरोप प्रत्येक वेळी मुदतीत पोचेल हे फेऱ्या सांगत नाहीत. ते हिशोबाने काढावे लागते, आणि हिशोब कोणीतरी पुन्हा तपासावा लागतो.